मोले: दूधसागराच्या पलीकडचे रान

गोव्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या उतारावर पसरलेले भगवान महावीर अभयारण्य साधारण 240 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील 107 चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे मोले राष्ट्रीय उद्यान. या रानाला 1969 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 1978 मध्ये त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा. एवढ्या विस्तीर्ण परिसरात पर्यटकांची वर्दळ मात्र जवळजवळ सगळी एकाच वाटेवर, म्हणजे कुळे गावापासून दूधसागर धबधब्यापर्यंतच्या जीपच्या रस्त्यावर, एकवटलेली असते. आम्हा फोंड्याकडच्या लोकांना हे रान तसे घरचेच. तरीही मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की आपणही त्यांना त्याच जीपमध्ये बसवतो आणि अभयारण्य दाखवल्याचे समाधान मानतो. दूधसागर पाहावाच, परंतु मोलेला जाण्याचे खरे कारण पायी चालण्याच्या वाटा आणि तांबडी सुर्लचे मंदिर हे असावे आणि दिवसाची आखणीही त्याच हिशेबाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोहोचणे अवघड नाही. पणजीहून फोंडा, उसगाव-तिस्क आणि धारबांदोडा करीत बेळगावला जाणारा राष्ट्रीय महामार्ग मोले गावातून जातो आणि पुढे अनमोड घाट चढतो. स्वतःचे वाहन नसेल तर फोंड्याहून बस मिळते. दक्षिण गोव्यातून येणाऱ्याला मडगावहून कुळेपर्यंतची रेल्वे अधिक सोयीची पडते, कारण जीप कुळ्याहूनच सुटतात आणि मोले तेथून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. महामार्गावर मालवाहू ट्रकांची रांग नेहमीचीच असल्याने पहाटे निघणे शहाणपणाचे.

प्रथम दूधसागराविषयी. पावसाळा सरल्यावर, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरपासून, जीप सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. एका जीपमध्ये सात प्रवासी बसतात आणि भाडे पूर्ण जीपमागे आकारले जात असल्याने दोघा-तिघांनी गेल्यास जोडीदार शोधावे लागतात. सकाळच्या वेळी ते सहज मिळतात. सुरक्षा जाकीट घेणे सक्तीचे आहे. पाऊण ते एक तासाच्या प्रवासात जीप नदीचे प्रवाह पाण्यातूनच ओलांडते, रस्ता खडबडीत आहे आणि पाठीचा किंवा मानेचा विकार असणाऱ्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा. जीप थांबते तेथून धबधब्याच्या तळाशी असलेल्या डोहापर्यंत दगडाधोंड्यांतून थोडे चालावे लागते. समोर 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारे पाणी आणि त्याच्या मधोमध आडवा गेलेला रेल्वेचा पूल दिसतो, तेव्हा वाटेतले हादरे वसूल झाले असे कोणालाही वाटेल. या दृश्याला मी काहीही कमी लेखत नाही.

कमी पडते ते दृश्याभोवतीचे. जीपची परतीची वेळ ठरलेली असते आणि त्या तास-दीड तासातला बराच भाग गर्दीतून वाट काढण्यात, कपडे बदलण्यात आणि हातातल्या पिशव्या माकडांपासून वाचवण्यात जातो. किनारपट्टीवर विकल्या जाणाऱ्या सहलींची तऱ्हा आणखी निराळी. मी एकदा पाहुण्यांसोबत अशाच एका सहलीत गेलो होतो. निरनिराळ्या हॉटेलांतून प्रवासी गोळा करता करता आम्ही ऐन गर्दीच्या वेळी धबधब्यावर पोहोचलो, आणि त्यानंतर एका मसाल्याच्या कुळागरातले, म्हणजे बागायतीतले, जेवण उरकण्याची घाई असल्यामुळे अभयारण्याविषयी वाटेत कोणी अवाक्षरही काढले नाही. त्यापेक्षा स्वतः कुळ्याला जाऊन सकाळच्या पहिल्या जीपपैकी एक धरावी. महिना निवडण्याची मुभा असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर निवडावा. जानेवारीनंतर पाणी ओसरत जाते आणि एप्रिल-मेमध्ये काळ्या कातळावरून उतरणाऱ्या बारीक धारांवरच समाधान मानावे लागते.

पावसाळ्यात हाच धबधबा सर्वाधिक देखणा असतो आणि नेमका तेव्हाच जीपचा रस्ता बंद असतो, म्हणून अनेक तरुण रेल्वेच्या रुळांवरून चालत जात असत. तसे करणे बेकायदा आहे, रेल्वे पोलीस कारवाई करतात, आणि बोगदे व वळणे असलेल्या या घाटात ते जीवघेणेही आहे. पोर्तुगीज अमदानीत, 1880 च्या दशकात बांधलेल्या या लोहमार्गाची कुळे ते कॅसलरॉक ही चढण 37 फुटांना एक फूट इतकी तीव्र असून गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. पावसाळी दूधसागर पाहायचा असेल तर मडगावहून या घाटातून जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळवावी. गाडी पुलावरून जाताना ते दृश्य काही क्षणच दिसते, पण इतक्या जवळून की तुषार डब्यात येतात.

आता पायी वाटांविषयी, कारण मोलेचे मोल तेथेच कळते. मोले येथे वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे आणि प्रवेशपत्रही तेथेच घ्यावे लागते. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असले तरी एकंदर खर्च माफक आहे. रानात एकट्याने न शिरता स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, असा माझा आग्रह आहे. सुरक्षितता हे त्याचे एक कारण झाले. दुसरे असे की या भागातील गावकरी आणि धनगर कुटुंबांतील माणसांना कोणत्या पाणवठ्यावर गवे उतरतात आणि कोणत्या झाडावर धनेशाची ढोली आहे, हे ठाऊक असते. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि मोलेत त्याचे कळप बऱ्यापैकी आहेत. प्रत्यक्ष प्राणी दिसला नाही तरी खुरांचे ठसे आणि ताजे शेण वाटेवर हमखास दिसते. गवा समोर आलाच तर छायाचित्राच्या मोहात पुढे न सरकता थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे.

वाट चढत जाते तसे रान बदलते, आणि चालणाऱ्यालाच हा बदल जाणवतो. खालच्या अंगाला पानगळीची झाडे अधिक आहेत: किंदळ, नाणा आणि ज्याला गोव्यात माट्टी म्हणतात तो ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला हा वृक्ष उन्हाळ्यात आपल्या खोडात पाणी साठवून ठेवतो, आणि जाणकार वाटाड्या अशा खोडावरचा फुगवटा अचूक ओळखतो. ओढ्यांच्या काठाने वर गेले की सदाहरित झाडांची दाट सावली सुरू होते, वेलींची गुंतागुंत वाढते आणि पायाखालचा पाचोळा भर दुपारीही ओलसर असतो. काळ्या डोक्याचा आणि लालकेशरी गळ्याचा पिवळा बुलबुल, म्हणजेच गोव्याचा राज्यपक्षी, अशा सावलीच्या कडेला दिसतो. पहाटे शीळकरी कस्तुराची लांबलचक, माणसासारखी शीळ ऐकू येते. नवख्याला कोणीतरी आपल्याला बोलावत आहे असा भास होतो. कर्णा हा लाल पोटाचा पक्षी तासन्‌तास एकाच फांदीवर निश्चल बसतो, त्यामुळे तो दिसण्यासाठी आपल्यालाही तितकेच निश्चल राहावे लागते, आणि नेमके हेच मोठ्या घोळक्याने फिरणाऱ्यांना जमत नाही. डोक्यावरच्या फांद्यांतून शेकरू उडी मारते तेव्हा मात्र घोळक्यालाही ते दिसते.

दूधसागर नदीच्या पात्रात देवचाराची कोंड नावाचे एक ठिकाण आहे. वाहत्या पाण्याने कातळ कोरून तेथे अरुंद घळ आणि खोल डोह तयार केले आहेत. देवचार म्हणजे गोमंतकीय लोकश्रद्धेतील रानाचा आणि सीमेचा राखणदार, आणि त्याचे नाव या डोहाला का मिळाले असावे हे काठावर उभे राहिले की उमगते: वरून संथ दिसणारे पाणी खाली जोरदार ओढीचे आहे. येथे पोहणे हा निव्वळ वेडेपणा आहे. गोव्यातील धबधबे आणि डोह यांत दर पावसाळ्यात माणसे बुडतात, आणि वनखाते वेळोवेळी अशा जागांवर प्रवेशबंदी घालते. निघण्यापूर्वी त्या-त्या वेळचा नियम मोलेच्या कार्यालयात विचारून घ्यावा. जून ते सप्टेंबर या काळात चालणाऱ्यांनी जळवांची तयारी ठेवावी, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि थोडे मीठ पुरते. कोरड्या ऋतूत गोचिडांकडे दुर्लक्ष करू नये. शेजारच्या सत्तरी तालुक्यात गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत.

तांबडी सुर्ल येथील महादेवाचे मंदिर याच अभयारण्याच्या कुशीत आहे, आणि मोलेहून तेथे जाणारा रस्ता चांगला आहे. कदंबकालीन, बाराव्या-तेराव्या शतकातील हे मंदिर काळ्या दगडात बांधलेले आहे. गोव्यात घरांपासून चर्चपर्यंत सर्वत्र जांभा दगड वापरलेला दिसतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, आणि म्हणूनच या मंदिरासाठी काळा दगड घाटापलीकडून आणला असावा असे मानले जाते. मंडपात मस्तक नसलेला नंदी आहे, छतावर कमळाचे शिल्प आहे आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे. ते छोटेसे शिल्प बहुतेक लोक पाहातच नाहीत, कारण सगळे वर बघत असतात. शिखरावर ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांची शिल्पे आहेत. पोर्तुगीजांच्या तडाख्यातून हे मंदिर दुर्गमतेमुळे वाचले, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य असले तरी एक गोष्ट राहून जाते: सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी आणि बार्देशात देवळे पाडली गेली तेव्हा हा मुलूख पोर्तुगीजांकडे नव्हताच; तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात, गेला. मंदिराची निगा पुरातत्त्व खात्याकडे आहे, परिसर स्वच्छ आहे आणि पायऱ्या उतरून सुर्ल नदीच्या काठाला जाता येते. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते. शांतपणे शिल्प पाहायचे असेल तर तो दिवस टाळावा.

सोयींच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मोलेत मुक्कामाची सोय आहे, पण निवड मर्यादित आहे, त्यामुळे हिवाळ्यातील शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी करावी. महामार्गालगतच्या छोट्या हॉटेलांत सकाळी पातळभाजी-पाव, मिरची भजी आणि चहा उत्तम मिळतो. दुपारचे जेवण यथातथा. रानात मोबाईलचे नेटवर्क जवळपास नसते. पिण्याचे पाणी घरूनच, शक्यतो धातूच्या बाटलीत न्यावे. पाण्याबाबत ही काळजी येथे विशेष योग्य आहे, कारण या डोंगरांवर पडणारा पाऊस खांडेपार नदीतून ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत येतो आणि फोंडा-पणजीच्या नळांतून तेच पाणी आपण पितो.

या भेटीत आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहण्यासारखी आहे. लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी या तीन प्रकल्पांसाठी मोलेतील झाडे तोडण्याचा विषय 2020 मध्ये गोवाभर गाजला आणि तरुण मंडळी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली. त्यांपैकी दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. म्हादई अभयारण्यासह या पट्ट्याला व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये दिला आणि राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. अनमोड घाटाच्या वळणांवर थांबून खाली पाहिले की एकाच दरीत रस्ता आणि रूळ कसे दाटीवाटीने बसवले आहेत आणि प्राण्यांना ये-जा करायला किती थोडी जागा उरली आहे, हे नकाशाशिवाय कळते.

मोलेला एकच दिवस देता येत असेल तर सकाळी लवकर माहिती केंद्रापासून वाटाड्यासह रानवाट करावी आणि दुपारनंतर तांबडी सुर्लला जावे. दूधसागर दुसऱ्या दिवसासाठी, किंवा रेल्वेच्या खिडकीसाठी, राखून ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांसोबत जाणाऱ्यांनी जीप टाळून फक्त मंदिर करावे. तेथपर्यंत मोटार जाते आणि चालणे थोडे आहे. लहान मुलांना प्राणी दिसलेच पाहिजेत असा हट्ट असेल, तर मोलेऐवजी जवळच असलेले आठ चौरस किलोमीटरचे बोंडला अभयारण्य निवडावे, कारण तेथे प्राणिसंग्रहालय आहे आणि गवा बघायला पहाटे उठावे लागत नाही.