गुहेतल्या हंगामी ओढ्यासाठी दाब-लॉगर : एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

मेघालयातील पूर्व जयंतिया टेकड्यांमधल्या चुनखडीच्या गुहांत पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात आणि हिवाळ्यात त्यांपैकी अनेक ठणठणीत कोरडे पडतात. पाणी असते तेव्हा आत जाणे जिवावर बेतू शकते. म्हणून ते कधी आले, किती चढले आणि कधी थांबले, याची नोंद उपकरणावरच सोपवावी लागते. अशा एका गुहेत पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेले लॉगर, म्हणजे ठरावीक अंतराने दाब मोजून साठवून ठेवणारी उपकरणे, आता काढून आणले आहेत.

चार मीटर खोल पाण्यापर्यंत मोजणारा लॉगर साधारण अर्धा सेंटीमीटर चुकतो, तर नऊ मीटरचा सुमारे एक सेंटीमीटर. तरीही मी नऊ मीटरचाच घेतला, कारण भिंतीवर डोक्याच्याही वर मागच्या पुराचा पालापाचोळा आणि बांबूच्या काटक्या अडकलेल्या दिसत होत्या. त्याच्या स्मृतीत सुमारे २१,७०० नोंदी मावतात. दर १५ मिनिटांनी एक नोंद ठेवली, तर सात महिने निर्धास्त राहता येते.

हा लॉगर एकूण दाब मोजतो, म्हणजे पाण्याचा आणि त्यावरच्या हवेचाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की कागदावर पाणी सुमारे एक सेंटीमीटरने हलते, आणि पावसाळी कमी दाबाचा पट्टा सरकताना तर हा फरक कितीतरी हेक्टोपास्कलांचा असतो. त्यामुळे हवेचा दाब टिपणारा दुसरा लॉगर लागतोच; त्याचा आकडा पहिल्यातून वजा केला की निव्वळ पाण्याचा दाब उरतो. तो गुहेबाहेर उन्हात ठेवू नये; आतच, पुराच्या खुणेच्या वर आणि पहिल्या लॉगरशी मोकळ्या हवेने जोडलेल्या जागी बांधावा. मधला बोगदा छतापर्यंत भरला, तर पलीकडे कोंडलेल्या हवेचा दाब वेगळा होतो आणि वजाबाकीच फसते.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो प्रवाह खंडित असण्याचा. बारमाही ओढ्यात सेन्सरचा शून्यबिंदू हळूहळू सरकला तर ते सहजी कळत नाही. इथे मात्र ओढा कोरडा असताना दोन्ही लॉगरांनी सारखाच दाब दाखवायला हवा, आणि त्या काळात जो फरक उरतो तीच दुरुस्ती. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या कोरड्या दिवसांतला हा फरक ताडून पाहिल्यावर मधल्या काळातील आकड्यांवर विश्वास बसला. मात्र एक-दोन सेंटीमीटरचे पाणी या लॉगरच्या भरवशावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे ठरवू नये. त्यासाठी ओले-कोरडे एवढेच सांगणारा विद्युतवाहकतेचा साधा सेन्सर शेजारी हवा.

दुसरी अडचण डबक्याची. प्रवाह थांबला तरी खोलगट जागेत पाणी साचून राहते आणि लॉगर इमानेइतबारे तीस-चाळीस सेंटीमीटर दाखवत राहतो. म्हणून ज्या कडेवरून पाणी पुढे सांडते तिची उंची लॉगरच्या पातळीच्या तुलनेत आधीच मोजून ठेवावी. पाणी त्या कडेखाली गेले की प्रवाह संपला असे समजावे. याला तापमानाच्या नोंदीचाही दुजोरा मिळतो : वाहते पाणी बाहेरच्या सरींचे तापमान घेऊन येते, त्यामुळे रेषा वरखाली होते, साचलेले पाणी खडकाच्या तापमानाला येऊन ठेपते आणि रेषा जवळजवळ सपाट होते. पाणी किती काळ वाहिले हा प्रश्न असेल, तर नुसत्या पातळीपेक्षा ही रेषा मला अधिक बोलकी वाटते.

बसवताना भोके पाडलेल्या पीव्हीसी नळीत लॉगर घालून ती स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी खडकातल्या बोल्टला आवळली होती. नळी जागची हलली नाही, पण तळाची भोके बारीक गाळाने पूर्ण बुजली होती. पुढच्या वेळी नळी तळापासून थोडी उचलून बांधणार आहे आणि त्या उंचीचा हिशेब शून्यबिंदूत धरणार आहे. माहिती प्रकाशाद्वारे उतरवली जाते आणि दमट हवेत लॉगरच्या काचेवर लगेच बाष्प धरते, म्हणून हे काम गुहेबाहेर, काच कोरडी पुसूनच करावे. बॅटरी आपल्याला बदलता येत नाही. ती सुमारे पाच वर्षे चालेल असे धरूनच खरेदीचा विचार करावा, आणि अंदाजपत्रकात सुरुवातीपासूनच एक नव्हे तर दोन लॉगर मांडावेत.