दुःखात आधी काय वाचावं: टॉलस्टॉय, काम्यू, सार्त्र की काफ्का?

‘अस्तित्ववादी काहीतरी, म्हणजे जगण्यामरण्याच्या अर्थाशी झुंजणारं काहीतरी वाचायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नुसती वाङ्मयाची आवड नसते. कुणाचं जवळचं माणूस गेलेलं असतं, कुणाच्या घरात आजारपण लांबलेलं असतं, नाहीतर सगळं सुरळीत चालू असूनही सकाळी उठावंसं वाटत नसतं. अशा माणसाच्या हातात हमखास काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ ठेवली जाते. पातळ आहे, गाजलेली आहे, वाक्यं छोटी आहेत. मला ही शिफारस दर वेळी खटकते. कादंबरी थोरच आहे, पण घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवड करण्याआधी स्वतःला एक विचारायचं: आपल्याला दुखतंय, की आपल्याला काहीच जाणवत नाहीये? दोन्हींना आपण सरसकट दुःखच म्हणतो, पण दोन्हींची पुस्तकं वेगळी आहेत.

दुखत असेल तर टॉलस्टॉयची ‘द डेथ ऑफ इवान इलिच’. 1886 सालची, शंभरएक पानांची. अस्तित्ववाद हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीची, आणि टॉलस्टॉय तर श्रद्धावान माणूस. तरी या यादीत ती हक्काने बसते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनेही 1927 च्या आपल्या ग्रंथात मृत्यूविषयी लिहिताना तळटीपेत तिचा उल्लेख केला आहे. इवान इलिच पंचेचाळिशीतला न्यायाधीश. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, घसरतो, खिडकीची मूठ बरगडीला लागते. एवढंच. त्यातून सुरू झालेलं दुखणं त्याला संपवतं. पण त्याला दुखण्यापेक्षा जास्त छळतं ते भोवतीचं खोटं. तो मरतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ‘औषध घ्या, बरं वाटेल’ म्हणत राहतात.

खोटं बोलत नाही तो फक्त गेरासिम, घरातला तरुण नोकर. पाय वर उचलून धरले की इवानला कळ कमी वाटते, म्हणून गेरासिम त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्र रात्र बसून राहतो. आपण सगळेच मरणार आहोत, मग एवढी मेहनत करायला काय हरकत आहे, असं तो साधेपणाने म्हणतो. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आम्ही सगळे रोज त्यांना ‘आज चेहरा उजळलाय’ म्हणत होतो. ते मान फिरवून भिंतीकडे बघायचे. ते का, हे मला ही गोष्ट वाचल्यावर कळलं, आणि फार उशिरा कळलं. म्हणूनच आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला मी ही आधी सुचवतो. शेवट मात्र धार्मिक प्रकाशाकडे जातो. तो पटेलच असं नाही. नाही पटला तरी खांद्यांवरचे ते पाय मनातून जात नाहीत.

आता ‘द स्ट्रेंजर’. 1942. इथेही सुरुवात मृत्यूनेच होते, पण तापमान उलटं. म्यूर्सोची आई जाते. आज की काल, त्याला नक्की माहीत नसतं. शवपेटीशेजारी तो दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, दुसऱ्या दिवशी समुद्रात पोहतो, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढे अल्जीयर्सजवळच्या किनाऱ्यावर, डोक्यावर सूर्य तापलेला असताना, तो एका अरबाला गोळी घालतो आणि मग निपचित पडलेल्या शरीरावर आणखी चार. खटला खुनाचा, पण सरकारी वकील त्याला खरा घेरतो ते आईसाठी रडला नाही म्हणून. दाखवण्यापुरतंही खोटं न बोलणाऱ्या माणसाला समाज काय करतो, हे यापेक्षा नेमकं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. आतून बधिर झालेल्या वाचकाला इथे कुणीतरी ओळखीचं भेटतं. पण शोक ओला असेल तर म्यूर्सोचा कोरडेपणा अंगावर येतो, आणि मग कादंबरीचा खरा गाभा हातातून निसटतो. तो गाभा शेवटच्या काही पानांत आहे. मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत असताना त्याला उमगतं की आईने आयुष्याच्या अखेरीला वृद्धाश्रमात एक सोबती का जोडला असेल: मरणाच्या इतकं जवळ गेल्यावर तिला पुन्हा जगायला सुरुवात करावीशी वाटली असणार. आईवरचं प्रेम या माणसाला इतक्या उशिरा आणि इतक्या आडवाटेने सापडतं.

दोन्हींपैकी एक ठरवता येत नसेल तर मी 1947 ची ‘द प्लेग’ पुढे करतो. काम्यूचीच, पण इथे एकट्या माणसाऐवजी अख्खं शहर आहे. अल्जीरियातल्या ओराँ शहरात 16 एप्रिलच्या सकाळी डॉक्टर ऱ्यूच्या पायाखाली मेलेला उंदीर येतो आणि काही आठवड्यांतच गावाचे दरवाजे बंद होतात. फादर पानलू पहिल्या प्रवचनात लोकांना सांगतो की ही शिक्षा तुम्ही ओढवून घेतली आहे. मग न्यायाधीशाचा लहान मुलगा आजारी पडतो. नवं सीरम टोचतात. त्याने मूल वाचत नाही, उलट त्याची झुंज लांबते. मोठी माणसं खाटेभोवती उभी राहून त्याचा आक्रोश ऐकत राहतात. ‘हा तरी निष्पाप होता’ असं ऱ्यू पानलूवर ओरडतो, आणि जिथे मुलांचा असा छळ होतो ती सृष्टी मला मरेपर्यंत प्रिय होणार नाही, असं ठामपणे सांगतो. यानंतरच्या प्रवचनात पानलू ‘तुम्ही’ म्हणत नाही, ‘आपण’ म्हणतो. एका सर्वनामाचा हा बदल मला तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथापेक्षा जास्त शिकवून गेला.

दुःखाला अर्थ असतो, असं ‘द प्लेग’ एकदाही म्हणत नाही. त्या मुलाच्या मरणाला कारण देणं तिला अपमानास्पद वाटतं. ऱ्यू आपलं काम करत राहतो. डोंगरातल्या सॅनेटोरियमला गेलेली त्याची बायको वारल्याची तार येते तोवर तो दुसऱ्यांच्याच खाटांशी उभा असतो. आणि अधेमधे एका रात्री तो आणि त्याचा मित्र तारू समुद्रावर जातात, न बोलता शेजारी शेजारी पोहतात, परत येतात. तेवढीच सुट्टी. कादंबरी संथ आहे, मधली पानं रेंगाळतात, स्त्रिया जवळपास नाहीतच, अरब तर दिसतच नाहीत. या उणिवा धरूनही मी तिलाच पहिला मान देतो.

सार्त्रची ‘नॉशिया’ (1938) मी शोकात असलेल्या माणसाला देणार नाही. तिचा नायक रोकांतँ बागेत चेस्टनटच्या झाडाच्या मुळाकडे बघतो आणि ‘मूळ’ हा शब्दच त्या वस्तूवरून गळून पडतो. उरतं नुसतं काळं, गाठाळ असणं. ज्याचं काही गेलेलं नाही पण सगळंच उपरं वाटतंय, त्याला ही डायरी आपलीच वाटेल. काफ्काची ‘द ट्रायल’ (त्याच्या मृत्यूनंतर, 1925 मध्ये आलेली) आणखी वेगळ्या माणसासाठी: ज्याला कारण न कळता दोषी ठरवलं गेलंय. योसेफ के.ला शेवटपर्यंत आरोप कळत नाही. वाचून धीर येत नाही, पण हा अनुभव फक्त आपल्याच वाट्याला आला असं वाटणं थांबतं.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) आहेच. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण जाते तो भाग शांत वेळ काढूनच वाचा.

आणि सध्या रात्री झोपच येत नसेल, सगळं संपवावंसं वाटत असेल, तर यांतलं काहीही उघडण्याआधी एखाद्या माणसाशी बोला, डॉक्टरांना भेटा. ऱ्यूनेही तेच सांगितलं असतं. पुस्तकं थांबतील. परत याल तेव्हा इवान इलिच एका बैठकीत वाचा, ‘द प्लेग’ला महिना द्या, आणि म्यूर्सोकडे वर्षभराने जा.