दोन पेन्सच्या नाण्याशेजारचा सामुराई

इंग्लंडात राहून टेबलावर लढाया मांडायला जुने धातूचे चिमुकले सैनिक जमवणारी आपली मराठी मंडळी थोडीच आहेत, पण आहेत. त्यातल्याच एकाने परवा मला एका जाहिरातीचा फोटो पाठवून विचारलं, ‘घेऊ का?’ फोटो बघताक्षणी ओळखला. ती जाहिरात देणाऱ्यानेच मला गंडवलं होतं. नाव लिहीत नाही, पण पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती दुसरं कोणीही वापरू शकेल.

मला सेकिगाहारा मांडायची होती. १६०० सालची, तोकुगावा इएयासूला जपानचा मालक करणारी लढाई. त्याची पूर्वेकडची फौज माझ्याकडे १५ मिलिमीटरमध्ये, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांची, तयार होती, इइ नाओमासाच्या लाल चिलखतवाल्यांसकट. इशिदा मित्सुनारीची पश्चिमेची फौज तेवढी हवी होती. २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे असतात, पण डझनावारी सरदारांची ही लढाई त्यांच्यात मांडायला घरातलं जेवणाचं टेबल पुरत नाही. ६ मिलिमीटरमध्ये गर्दी झकास दिसते, मात्र पाठीवरच्या साशिमोनो निशाणावर घराण्याचं चिन्ह रंगवताना माझे डोळे हात टेकतात. १५ मिलिमीटरमध्ये दोन्ही साधतं.

जाहिरात होती ‘१५ मिमी, धातू, सेंगोकू काळ (म्हणजे जपानातल्या सरदारांच्या आपसातल्या युद्धांचा), आता बाजारात न मिळणारे, पश्चिमेची पूर्ण फौज’ अशी. किंमत १८० पौंड. फोटोत भालेवाला आशिगारू, म्हणजे साधा पायदळी शिपाई, उभा, शेजारी राणीचा चेहरा वर असलेलं तांब्याच्या रंगाचं नाणं, आणि खाली लिहिलेलं, ‘मापासाठी दोन पेन्स’. दोन पेन्सचं नाणं २५.९ मिलिमीटर व्यासाचं असतं. फोटोवर पट्टी लावून हिशेब केला, तर सैनिक तळव्यापासून डोळ्यापर्यंत सव्वापंधराच्या आसपास आला. चोख.

पार्सल उघडून एक आशिगारू माझ्या जुन्या सैनिकाशेजारी ठेवला, तर तो त्याच्या खांद्यालाही लागेना. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी सरकपट्टी, लावला तर जेमतेम १२. मग पुन्हा तो फोटो काढून बसलो. एक पेनीचं नाणंही त्याच रंगाचं, राणीचा चेहरा तोच, आणि किंमत मागच्या बाजूला. व्यास मात्र २०.३. नाणं एक पेनीचं धरलं की फोटोतला सैनिक बरोबर १२ मिलिमीटरचा होतो. फोटो खरा होता, खोटी होती ती खालची ओळ.

विकणाऱ्याला जाब विचारला. त्याचं उत्तर वाचून मी चहा सांडला. म्हणे, ‘त्या काळचे जपानी बुटकेच होते.’ होते ना, पुरुषांची सरासरी उंची १६० सेंटिमीटरच्या आतच होती. पण माझे जुने सैनिकही जपानीच आहेत! १५चे १२ म्हणजे पाचवा हिस्सा कमी, म्हणजे १६०चा माणूस थेट १२८वर. दिवाळीतल्या किल्ल्यावर महाराज मावळ्यांच्या दुप्पट असले तरी चालतं, टेबलावरच्या लढाईत दोन फौजा समोरासमोर आल्या की चालत नाही.

‘माप हा मताचा प्रश्न आहे’ ही त्याची दुसरी पळवाट मात्र खरी आहे. या छंदात मापाला एक नियम नाही. कोणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कोणी डोक्याच्या टोकापर्यंत. सामुराईच्या शिरस्त्राणावर शिंगं नाहीतर अर्धचंद्र असल्यामुळे टोकापर्यंतचं माप निरर्थकच, म्हणून डोळाच धरायचा. त्यात १५ म्हणून विकले जाणारे नवे सैनिक सर्रास १८ला टेकतात. एवढी ढिलाई सगळे जाणून असतात. १२ हा मात्र वेगळाच आकार आहे, साधारण १/१४४, म्हणजे खऱ्या माणसाच्या १४४व्या हिश्शाएवढा. १५ म्हणजे १/१०० ते १/११०, आणि १/७२चे प्लास्टिकचे सैनिक २३-२४पर्यंत जातात. पेटीवरचे मिलिमीटर न बघता प्रमाण विचारा, लबाडाला ते अवघड जातं.

माल चोरटाही होता. तयार सैनिकावरून रबराचा साचा काढून पुन्हा ओतलेला. अशा नकलेत धातू थंड होताना थोडा आक्रसतो आणि बारकावे बुजतात. माझ्याकडे आलेल्यांच्या चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी नुसते फुगवटे होते, जिनगासा टोपीच्या कडेला बुडबुड्यांची भोकं, बगलेत जाड शिवण. तळावर उत्पादकाची खूण असते ती जागा कानशीने घासलेली. संख्या भरायला तर कहरच केला होता. स्वारांमध्ये रुंद चौकोनी खांदेपट्ट्यांच्या ओ-योरोई चिलखतातले धनुर्धारी घुसडले होते, म्हणजे ११८०-८५च्या गेनपेई युद्धातले. पानिपतात वैमानिक उतरवण्याइतकं नसेल, पण चारशे वर्षांचं अंतर आहे.

पैशांचं ऐका. ‘पेपाल’वर मित्र-नातेवाइकांचा पर्याय वापरा, दहा पौंड कमी करतो, असा त्याचा आग्रह होता. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. मी खरेदीचाच पर्याय वापरला, म्हणून तक्रार तरी करता आली. आधी ‘माप हा मताचा प्रश्न आहे’ हे त्याचं म्हणणं चाललं. मग मी दोन्ही नाण्यांशेजारी तोच सैनिक ठेवून फोटो पाठवले, तेव्हा परताव्याचा निर्णय झाला. परतीचं टपाल माझ्या खिशातून गेलं. माझ्या ओळखीच्या एका इंग्रज गृहस्थाने दहा पौंडांच्या सवलतीपायी मित्र होऊन पैसे दिले होते, त्याला एक पेनीही मिळाली नाही. तो विकणारा व्यापारी नसून खाजगी माणूस आहे, त्यामुळे ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्कही लागू होत नाही. वर्णनाप्रमाणे माल देणं त्यालाही बंधनकारक आहे, पण त्यासाठी दाव्याची पायरी चढावी लागते.

फोटो मागायचा तर स्टीलच्या पट्टीशी मागा. सैनिकाचे तळवे शून्याच्या रेघेवर, कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीवर आणि जरा लांब, कारण जवळून काढलं की पुढची वस्तू फुगते. शेजारी नावाजलेल्या कंपनीचा एखादा सैनिक, आणि तळाचा एक वेगळा फोटो. नाणं ठेवलंच तर किंमत दिसणारी बाजू वर.

परवाच्या त्या मित्राने हे सगळं मागितलं. उत्तर आलं की पट्टी घरात नाही. जाहिरात अजून तशीच आहे, फक्त किंमत १९५ झाली आहे.