कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: लिनक्सवाल्यांना चालेल?

चालेल की! उबुंटूच्या (विंडोजच्या जागी वापरतात ती लिनक्स सिस्टीम) अपग्रेडनंतर खिडक्या अडखळायला लागल्या, पंखा घोंघावायला लागला, तरी इथं आल्या आल्या फॉरमॅट मारत नाहीत. आधी ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज टाकून त्यातली ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड चालवतात; पडद्यावरचं चित्र कोण काढतंय, म्हणजे रेंडरर कोणता, ते त्यात दिसतं. रेंडररपुढं ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, की ग्राफिक्सचा सगळा भार प्रोसेसरवर पडलाय हे नक्की. ग्रबच्या (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हरला अडवणारा पर्याय) राहिलं असेल तर ते काढायचं, ‘अपडेट-ग्रब’, रीस्टार्ट, झालं काम. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) आडवं येतं. ड्रायव्हरच्या मॉड्यूलवरची सही मशीन ओळखत नाही, म्हणून ते लोडच होत नाही. रीस्टार्ट होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ती सही मशीनला ओळखीची करून देणारा पर्याय) निवडून अपग्रेडवेळी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर पडदा निघून जातो, म्हणून हे गिऱ्हाइकाला समोर बसवूनच करतात. पावती तेवढी मागून घ्या.