माझी पत्रं त्याच्या पत्त्यावर जात होती

मी जर्मनीत ल्योराखला राहते, नोकरी स्वित्झर्लंडमध्ये, बाझलच्या एका प्रयोगशाळेत. जर्मन पासपोर्ट, जी परमिट (सीमेपलीकडून कामाला येणाऱ्यांचा स्विस परवाना), रोज संध्याकाळी सीमा ओलांडून घरी. २०२१ मध्ये नोकरी सांभाळून जर्मन-इंग्रजी भाषांतराची कामं घ्यायला लागले. कंपनीची लेखी परवानगी काढली आणि पुढच्या कागदपत्रांसाठी ज्या माणसाकडे गेले, त्याने मला अडीच वर्षं लुटलं. तो अजून याच भागात गिऱ्हाइकं शोधतोय, म्हणून घडलं ते सगळं सांगते.

माणूस ओळखीतून मिळाला. "सीमेपलीकडे नोकरी करणाऱ्यांचं सगळं मीच बघतो, ताई," म्हणाला. बोलणं इतकं आपुलकीचं, की पावती मागायचा संकोच वाटला. पहिल्याच दिवशी ६८० युरो घेतले. त्यात गेवेर्बे, म्हणजे धंद्याच्या नोंदणीचेही पैसे होते. जर्मन आयकर कायद्यात फ्रायबेरुफ्लरांच्या (स्वतंत्र व्यावसायिकांच्या) यादीत भाषांतरकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याला गेवेर्बे नोंदणी लागतच नाही. एल्स्टर या सरकारी कर-संकेतस्थळावरून फिनान्सअम्टची (कर कार्यालयाची) प्रश्नावली भरायची, तीही फुकट. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

खरी मेख त्या प्रश्नावलीतच होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वर माझं नाव, माझा कर क्रमांक, सगळं बरोबर. खाली एक रकाना होता, माझ्या वतीने पत्रं कोणी स्वीकारायची त्याचा. तिथे त्याने स्वतःचं नाव आणि पत्ता आधीच टाकला होता. "सरकारी पत्रं किचकट असतात, तुम्हाला कशाला त्रास?" मला मुलीला आणायला निघायचं होतं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून फिनान्सअम्टचं एकही पत्र माझ्या घरी आलं नाही, आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणूनच पत्रं येत नाहीत, असं मी समजत राहिले.

शिवाय तो महिन्याला ९५ युरो घ्यायचा. "काम जर्मनीत करता, म्हणजे त्याचा सामाजिक विमाही जर्मनीत. हप्ता मी भरतो." असे ३१ महिने, म्हणजे २,९४५ युरो त्याच्या खात्यात गेले. बदल्यात मला एक ए १, म्हणजे कोणत्या देशाचा सामाजिक विमा लागू आहे ते सांगणारं प्रमाणपत्र मिळालं: शिक्का, क्रमांक, आणि देशाच्या रकान्यात जर्मनी.

आता नियम काय आहे तो सांगते, कारण हा माणूस नेमका याच अज्ञानावर जगतो. युरोपीय संघाचा ८८३/२००४ हा नियम १ एप्रिल २०१२ पासून स्वित्झर्लंडच्या बाबतीतही लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे एका देशात नोकरी आणि दुसऱ्या देशात स्वतःचं काम असेल, तर दोन्हींचा सामाजिक विमा नोकरीच्या देशात. स्वतःचं काम कितीही असो. म्हणजे माझ्या भाषांतराच्या कमाईवर कर जर्मनीत, पण विम्याची वर्गणी स्वित्झर्लंडच्या आउसग्लाइखस्कासेकडे (ही वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यालयाकडे). (नोकरीचं काम घरून करत असाल तर हिशोब बदलू शकतो, मी घरून करत नाही.) एवढ्या एका गोष्टीचा उलगडा झाला असता, तर त्याचे ९५ युरो पहिल्याच महिन्यात उघडे पडले असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये फिनान्सअम्टचं पत्र थेट घरी आलं. त्याच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं होतं, तो जागा सोडून गेला होता. त्याने २०२१ चं विवरणपत्र भरलंच नव्हतं, त्यामुळे कर अंदाजाने ठरवला गेला होता. वर उशिराचा दंड, महिन्याला किमान २५ युरो, आणि थकबाकीवर महिन्याला १ टक्का वेगळा. हरकतीची एक महिन्याची मुदतही उलटलेली, कारण मूळ आदेश त्याला मिळाला होता आणि त्याला मिळाला म्हणजे मला मिळाला असंच कायदा धरतो. रकान्यात माझ्या संमतीने त्याचं नाव होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

श्टॉयरबेराटर (कर सल्लागार) ही पदवी जर्मनीत कायद्याने राखीव आहे, आणि त्यांच्या चेंबरच्या यादीत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. त्याचं नाव तिथे नव्हतं. यादीतूनच एक बाई शोधून त्यांच्याकडे गेले. त्यांनी ए १ हातात घेतलं, देशाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमची नोकरी बाझलला असताना हे जर्मनीचं कसं असेल?" तो कागद बनावट निघाला. खरा अर्ज बॉनच्या डीव्हीकेएकडे (परदेशाशी संबंधित सामाजिक विमा बघणाऱ्या जर्मन कार्यालयाकडे) जातो, कारण राहता देश जर्मनी. आणि स्वित्झर्लंडचा कायदा लागू ठरला की ए १ तिकडूनच मिळतं.

स्वित्झर्लंडची मागची वर्गणी मी आता हप्त्यांनी फेडतेय, वर वर्षाला ५ टक्के व्याज. पाच वर्षांपर्यंतची मागची वर्गणी ते मागू शकतात. जोडधंद्याची कमाई तेव्हाच्या २,३०० फ्रँकच्या आत असती (२०२५ पासून ती मर्यादा २,५०० आहे), तर आपण मागितल्याशिवाय वर्गणी लागली नसती. माझी त्याहून जास्त होती. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीने मला तीच प्रश्नावली पाठवली. "एक दादा मदत करताहेत, जरा नजर टाकशील का?" पत्रं स्वीकारणाऱ्याच्या रकान्यात पत्ता नवा होता, नाव तेच. तिने अजून फॉर्म पाठवला नव्हता. मी लगेच फोन केला आणि तो रकाना आधी रिकामा करायला सांगितला.