एसडीसीसी: पॅनेलवाल्यांसाठी फुकटातला, पण भरवशाचा सी कंपायलर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. बोअरच्या मोटारींना ऑटो स्टार्टर पॅनेल करून देतो. थ्री फेज आला की थोडं थांबून मोटार चालू, पाणी संपलं की ड्राय रनवर बंद. गिऱ्हाईक खानापूर, हुक्केरी, निपाणीकडचं. आतली चिप एटी८९एस५२, म्हणजे ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्याच (एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरच्याच) घरातली: ८ केबी फ्लॅश, २५६ बाइट रॅम. आमचा जुना कंपायलर (सी भाषेतला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत बदलून देणारा) पैसे मोजून घेतलेला होता, त्याचं लायसन्स एकाच कॉम्प्युटरला बांधलेलं, आणि तो कॉम्प्युटर गेला. मग सगळं काम एसडीसीसीवर, म्हणजे 'स्मॉल डिव्हाइस सी कंपायलर' या फुकटच्या कंपायलरवर आणलं. आता त्यावरच पॅनेल बाहेर पडतात, म्हणून हे लिहितोय.

बसवायला काही त्रास नाही. उबुंटूवर एका कमांडचं काम, विंडोजलाही इन्स्टॉलर आहे.

खरी मेहनत जुना प्रोग्रॅम हलवायची. सी भाषेचं आयएसओ स्टँडर्ड ८०५१ ला ओळखतच नाही. या चिपमध्ये आतली रॅम वेगळी, बाहेरची वेगळी, प्रोग्रॅमची मेमरी वेगळी. पोर्टची (म्हणजे पिनांच्या गटाची) एकेक पिन म्हणजे स्वतंत्र पत्ता असलेला बिट. हे सांगायला स्टँडर्डमध्ये शब्दच नाहीत, म्हणून प्रत्येक कंपायलरवाला स्वतःचे घालतो. आयएसओने २००४ साली एम्बेडेड सी वर तांत्रिक अहवाल काढला, वेगवेगळ्या मेमरींची सोय त्यात सुचवली, पण तो मूळ स्टँडर्डचा भाग झाला नाही. तेव्हा ८०५१ वर एक्स्टेन्शनशिवाय, म्हणजे स्टँडर्डबाहेरच्या अशा भरीशिवाय, गत्यंतर नाही, हे मी मान्यच करतो. माझा आग्रह एवढाच की एक्स्टेन्शन हे एक्स्टेन्शन आहे, हे बघताक्षणी कळलं पाहिजे.

आमच्या जुन्या कंपायलरमध्ये पोर्ट १ ची शून्य नंबरची पिन सांगायला 'पी१', मग टोपीसारखं कॅरेट चिन्ह, मग शून्य असं लिहायचं. स्टँडर्ड सी मध्ये त्याच चिन्हाचा अर्थ एक्सॉर, म्हणजे बिटांवरचं एक गणित! दोन ओळी अगदी सारख्या दिसतात, एकीत पिन ठरते आणि दुसरीत गणित होतं. नवीन पोरगा यात गोंधळणारच. एसडीसीसीत सरळ पत्ता द्यायचा, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ९०. शिवाय बिट, पत्ता, बाहेरची रॅम, इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच येणारी हाक), या सगळ्या खास शब्दांच्या आधी दोन अंडरस्कोअर असतात. दोन अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं स्टँडर्डनेच कंपायलरवाल्यांसाठी राखून ठेवलीत. म्हणजे स्वतःची भर घालतानाही हा कंपायलर स्टँडर्डच्या कुंपणात राहतो. मला त्याचा हा गुण सगळ्यात आवडला.

याचा फायदा लगेच दिसतो. आमच्याकडे शिकायला आलेल्या पोराने फॉल्टचा नंबर ठेवायला 'कोड' नावाचा व्हेरिएबल केला होता. जुना कंपायलर एरर देई, कारण 'कोड' हा त्याचा स्वतःचा शब्द. पोरगा म्हणाला, "सर, यात चुकलंय काय ओ? पुस्तकात तर चालतंय की!" त्याचं बरोबरच होतं. एसडीसीसीला सी ११ (स्टँडर्डची २०११ ची आवृत्ती) काटेकोर पाळायला सांगा, ते नाव बिनतक्रार चालतं.

सोबत 'कंपायलर डॉट एच' नावाची हेडर फाइल मिळते, ती आवर्जून वापरा. पिन आणि इंटरप्ट तिच्यातल्या मॅक्रोने (आधीच ठरवलेल्या छोट्या नावांनी) लिहिले की तीच फाइल ८०५१ च्या इतर कंपायलरवरही चालवता येते. आम्ही पिनांचं सगळं एका फाइलमध्ये कोंबलंय. बाकीचं लॉजिक, म्हणजे किती वेळ थांबायचं, ड्राय रन कधी धरायचा, ते शुद्ध स्टँडर्ड सी मध्ये. उद्यमबागेत कुठल्याही दुकानातून एम८ चा बोल्ट आणला तरी एम८ च्या नटात बसतो, तसं हे लॉजिक कुठेही बसतं. लॅपटॉपवर जीसीसी या दुसऱ्या फुकटच्या कंपायलरने तपासतो, तेही स्टँडर्डबाहेरचं दाखवून देणारा पेडँटिक पर्याय लावून. जीसीसी एरवी स्वतःच्या सवलती धरूनच चालतो, हा पर्याय आणि सी ११ दोन्ही दिलं की बरंच काही बोलून दाखवतो.

तरी लॅपटॉपवर पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका. स्टँडर्ड इंट या पूर्णांकाच्या टाइपला किमान १६ बिटची हमी देतं, ८०५१ वर तेवढेच मिळतात. मोटार किती वेळ चालली ते सेकंदात मोजायला इंट घेतलात तर ३२,७६७ ला, म्हणजे ९ तास ६ मिनिटांनी, मर्यादा संपते. लॅपटॉपवर हे दिसणारच नाही. सी ९९ पासून नेमक्या बिटांचे टाइप स्टँडर्डमध्येच आहेत, ते घ्या.

आणि एक्स्टेन्शन कायम परकंच राहतं असंही नाही. शून्य आणि बी लावून बायनरी आकडा लिहायची सवलत जीसीसीत कितीतरी वर्षं होती. २०२४ मध्ये निघालेल्या सी २३ ने ती अधिकृत केली. चिपचे रजिस्टर (आतल्या सेटिंगच्या जागा) भरताना आम्हाला रोज लागते.

उणिवाही सांगतो. डबल (दशांशाचा जास्त अचूक टाइप) नाही, त्याचा कमी अचूक फ्लोटच होतो. ८०५१ वर फंक्शनचे लोकल व्हेरिएबल ठरलेल्या जागी बसतात, त्यामुळे वेगळं सांगितल्याशिवाय रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) जमत नाही. प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनसाठी एकेक अक्षर पाठवणारं पुटकॅर आपणच लिहायचं, आणि वेगळी सोय केल्याशिवाय दशांश छापला जात नाही. पंपाच्या पॅनेलला यातलं काही अडत नाही. व्होल्टेज आम्ही पूर्णांकातच दाखवतो.

वर्कशॉपवाले हमखास विचारतात, फुकटचा कंपायलर वापरला तर आपला प्रोग्रॅम जगाला दाखवावा लागेल का? नाही. कंपायलर जीपीएल या खुल्या सोर्सच्या लायसन्सखाली आहे, पण ८०५१ ची लायब्ररी (तयार फंक्शन) आपल्या प्रोग्रॅमला जोडायची सूट आहे. पॅनेल विका, सोर्स स्वतःकडे ठेवा.