सही टपालाने मागवावी की विकत घ्यावी?

जुन्या हॉलिवूडच्या सह्या जमवायच्या असतील तर आधी एक ठरवा: ठरावीक नटाचीच सही हवी, की जो उत्तर देईल त्याची चालेल? ग्रेटा गार्बोच हवी असेल तर टपालाचा विषयच संपला. १९४१ नंतर तिचा एकही चित्रपट आला नाही, १९९० साली ती गेली, आणि हयात असतानाही सही देण्याच्या बाबतीत ती पक्की कंजूष. अशा वेळी लिलाव किंवा विक्रेता गाठायचा आणि मागतील ती किंमत मोजायची. उलट, काम सोडून घरी बसलेले कितीतरी कलावंत चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देतात. डोरिस डे त्यासाठी प्रसिद्ध होती. २०१९ मध्ये ती गेली. टपालाच्या वाटेवरची खरी घाई ही अशी असते.

खर्चात टपाल सरळ जिंकतं, पण भारतातून पाठवणाऱ्याचं घोडं परतीच्या तिकिटावर अडतं. रिवाज असा की, सही करायच्या फोटोसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट द्यायचं. आपलं तिकीट अमेरिकेत चालत नाही. यासाठी १९०७ पासून आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन आहे, म्हणजे परदेशातल्या पोस्टात देऊन तिथलं तिकीट घ्यायची चिठ्ठी, पण अमेरिकेच्या टपालखात्याने २०१३ मध्ये त्याची विक्री बंद केली. तिथल्या पोस्टात ते आजही बदलून मिळायला हवं, हे खरं. पण नव्वदीच्या बाईने आपल्या कूपनासाठी रांगेत उभं राहावं, ही अपेक्षाच गैर. त्यापेक्षा न्यू जर्सीतल्या मावसभावाला ‘ग्लोबल फॉरएव्हर’ तिकिटं आणायला सांगा. अमेरिकेतून कुठल्याही देशात एक औंसापर्यंतचं पत्र त्यावर जातं आणि पुढे दर वाढले तरी ते तिकीट चालतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. त्यात चार बाय सहा इंचांचा फोटो आणि पातळ पुठ्ठा आरामात बसतो. आठ बाय दहाचा फोटो मात्र साध्या पत्राच्या मापाबाहेर जातो आणि दर चढतो. भिंतीवर लावायला मोठाच हवा असेल तर विकत घेतलेला बरा.

वेळेची खात्री टपालात नाही. उत्तर तीन आठवड्यांत येतं, दोन वर्षांनी येतं, कधी आपलंच पाकीट न उघडता परत येतं. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तर अमेरिकेचे आयातशुल्काचे नियम बदलले आणि भारतातून तिकडे जाणारं टपालच थांबलं. ते ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं. विकत घेतलेली वस्तू त्या मानाने लवकर हातात पडते, फक्त पार्सलवर कस्टम्स लागू शकतं हे धरून चाला.

आता खऱ्या-खोट्याचं. विकत घेणाऱ्याला पीएसए, जेएसए, बेकेट अशा सह्या तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र मिळतं. ते बहुतेक वेळा जाणकाराचं मत असतं, सही करताना पाहिलेल्या माणसाची साक्ष नव्हे. बनावट सह्यांचा धंदा केवढा मोठा आहे हे एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासाने उघड केलं, त्यात सापडलेल्या टोळीने खोटी प्रमाणपत्रंसुद्धा छापली होती. पण टपालाने आली म्हणजे खरीच, हेही समजू नका. जुन्या हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिच्या नावाने गेलेल्या ढीगभर फोटोंवर तिच्या आईच्या हातच्या सह्या आहेत. कुणी सेक्रेटरीकडून सह्या करून घेतं, कुणी सही करणारं यंत्र वापरतं. यंत्राची चोरी पकडता येते: दोन सह्या एकावर एक धरून उजेडात पाहा. तंतोतंत जुळल्या तर समजून जा. माणसाची सही दुसऱ्यांदा तशीच उमटत नाही.

म्हणूनच मला निवृत्तांची सही जास्त भरवशाची वाटते. ना ऑफिस, ना चाहत्यांच्या पत्रांसाठी नेमलेली माणसं. अक्षर थरथरलेलं असतं, मार्करची शाई कडेला फरफटलेली असते. विक्रेता अशा सहीची किंमत पाडेल. मी तीच आधी उचलेन.

आपल्याकडच्या कलावंतांना हा हिशोब लागू पडत नाही. परतीच्या पाकिटाची सवय इकडे फारशी रुजली नाही आणि पत्र दारावरच्या माणसापुढे सरकेलच असं नाही. मराठी कलावंत तर बरेचसे रंगभूमीवरचेच. नाटकाच्या किंवा सत्काराच्या कार्यक्रमानंतर रंगपटाबाहेर सहीची वही घेऊन थांबलात तर पत्रापेक्षा लवकर काम होतं, वर दोन शब्द बोलणंही होतं.

टपालाकडे कल असेल तर पत्र हाताने लिहा, एका पानात संपवा. सही एकच मागा, फार तर दोन. दहा फोटो पाठवणारा चाहता नसतो, दुकानदार असतो. पत्ता पक्का मिळाला तर तो गावभर वाटू नका. परतीच्या पाकिटावर पिनकोड आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव ठळक लिहा. आणि उत्तर आलं की आतला फोटो घेऊन पाकीट टाकून देऊ नका. तुमच्या हातचा पत्ता आणि तिथल्या पोस्टाचा शिक्का असलेलं ते पाकीट फोटोच्या मागेच ठेवा. सही कुठून आली असं उद्या कुणी विचारलं तर दाखवायला तेवढंच असतं.